खांद्यावरचं गवत

धाकटीने तलावावर ट्रॅक्टर चालवायची नोकरी धरली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो तिच्या सासऱ्यांना, आणि पहिलं भांडण झालं तेही त्यांच्याशीच.

धाकटी म्हणजे धाकटी सून. थोरली दूर परगावी राहायची, घरात हाक मारायला ही एकटीच, तरी नाव धाकटीच राहिलं. सासरे तिला पहिल्या दिवशी कामावर पोचवायला गेले, "ही आमची धाकटी, आता माझ्या जागी" असं सांगून आले, आणि त्या दिवसापासून पाणीखात्यातला फिटर काय, पहारेकरी काय, सगळेच तिला धाकटी म्हणू लागले. साहेबसुद्धा.

सासऱ्यांना खात्यात वस्ताद म्हणत. एकोणतीस वर्षं त्यांनी तलावाच्या बांधावर गवत कापलं होतं. बांध मातीचा. त्यावर गवत हवंच, ते माती धरून ठेवतं. पण वाढू देऊन चालत नाही. गुडघाभर गवताखाली बांधाला चीर गेली, ओल फुटली, तर कोणाला कळणार? अख्खं शहर त्या तलावाचं पाणी पितं आणि निम्मं शहर त्याच्या खालच्या अंगाला वसलेलं आहे. म्हणून दर वर्षी तपासणीच्या आधी बांध न्हाव्याने डोकं करावं तसा बारीक करून ठेवायचा, असा खात्याचा दंडक.

बांधाचा खालचा अर्धा भाग पसरट होता, तिथे ट्रॅक्टर मागे कटर लावून आरामात फिरायचा. वरच्या अर्ध्या भागाला सगळे खांदा म्हणत. खांदा चांगलाच उभा होता. वस्ताद त्याच्यावरही ट्रॅक्टर घालायचे, आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन दिवसांत काम उरकून हात झटकून मोकळे व्हायचे.

धाकटी ट्रॅक्टरला नवखी नव्हती. माहेरच्या फळबागेत ती लग्नाआधीपासून चालवत होती. पण पहिल्याच हंगामात ती खांद्यावर आडवी चढली, वीस-पंचवीस पावलं गेली, आणि वरच्या बाजूचं मागचं चाक तिला हलकं वाटलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. सीटमधून कळलं, पोटातून कळलं. तिने कटर अलगद खाली टेकवला, स्टिअरिंग हळूच उताराकडे वळवलं आणि पहिल्या गिअरमध्ये नाकासमोर सरळ खाली उतरली. खाली आल्यावर तिने इंजिन बंद केलं. मग उठून डबा खाल्ला आणि त्या दिवसापुरता खांदा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ती मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आली. फळीवर तो चिकटवला, मधोमध दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला एक नट लटकवला. फळी उतारावर ठेवायची, दोरा कुठे थांबतो ते बघायचं. खाली नऊ अंश, अकरा अंश. खांद्यावर सव्वीस. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक कपाटात फडक्याखाली दडून होतं. ते काढून तिने वाचलं. पंधराच्या वर आडवं चालवू नका, असं त्यात ठळक छापलं होतं. पंधरा अंश जिथे संपत होते तिथे तिने लाल रंगाचे खुंट ठोकले, एका ओळीत, चाळीस खुंट.

मग तिने ट्रॅक्टरकडे मोर्चा वळवला. सीटच्या मागे लोखंडी कमान असते, ट्रॅक्टर उलटलाच तर चालकाच्या डोक्यावर भार येऊ नये म्हणून. ती वस्तादांनी खिट्टी काढून मागे पाडून ठेवली होती, गेली कित्येक वर्षं. कमरेचा पट्टा होता. त्याचा उपयोग ते जेवणाचा डबा बांधून ठेवायला करत. धाकटीने कमान उभी केली, फिटरकडून नव्या खिट्ट्या घालून घेतल्या, पट्टा साबणाने धुतला.

संध्याकाळी घरी ही बातमी तिच्या आधी पोचली होती.

"खुंट ठोकलेस म्हणे," सासरे म्हणाले.

"हो अण्णा."

"मी एकोणतीस वर्षं चालवला तिथे. मला काय झालं?"

"काही झालं नाही."

"मग?"

"मग काही नाही. जेवायला चला."

"आणि तो पट्टा बांधून चालवतेस? अगं, उतारावर चालकाला उडी मारता आली पाहिजे. पट्टा म्हणजे स्वतःला बांधून घेऊन मरण."

धाकटीने ताट वाढता वाढता विचारलं, "उडी कुठल्या बाजूला मारायची, अण्णा?"

"खालच्या. वरच्या बाजूला कोण मारणार?"

"आणि ट्रॅक्टर कुठल्या बाजूला येणार?"

सासूबाई हसल्या. अण्णा हसले नाहीत. झोपायला जाताना ते एवढंच म्हणाले, की पुस्तकं लिहिणाऱ्यांना बांध दाखवला पाहिजे एकदा.

खुंटांच्या वरचं गवत मात्र वाढत राहिलं. धाकटीने साहेबांना सांगितलं, की वरच्या भागाला हलकं हातयंत्र घेऊ, बांधाच्या माथ्यावरून दोरखंडाने खाली सोडू आणि ओढून घेऊ. चार माणसं द्या, आठ दिवस द्या. साहेब माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेला कागद पाहिला की त्याचा घसा कोरडा पडायचा. तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. आणि मग तपासणीचा कागद आला. दहा दिवस उरले होते आणि खांद्यावर कमरेएवढं गवत डोलत होतं.

"तुझे सासरे दोन दिवसांत करायचे," साहेब म्हणाला.

"ते करायचे. मी नाही करणार."

"बरं, मी त्यांनाच बोलावतो. तुला एकदा दाखवतील, कसं करायचं ते. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

वस्तादांना निरोप गेला आणि त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं. त्यांनी जुना खाकी सदरा इस्त्री करून घेतला, बूट पुसले. सकाळी बांधावर फिटर, पहारेकरी आणि साहेब उभे होते. धाकटी ट्रॅक्टरजवळ होती. किल्ली तिच्या मुठीत.

"अण्णा, जाऊ नका वर," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हात जोडते."

"किल्ली दे."

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळाकडे पाहत होता. तिला कळलं, की ही लढाई ती हरलीय. हातात एकच डाव उरलाय.

"कमान उभी राहील," ती म्हणाली, "आणि पट्टा बांधाल. मग किल्ली. नाही तर ही किल्ली मी तलावात टाकते आणि साहेबांनी मला आजच घरी पाठवावं."

वस्तादांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ही पोर बोलते तसं करते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. चारचौघांत सुनेशी हुज्जत घालण्यापेक्षा पट्टा परवडला. ते चढून बसले, पट्टा घातला, सैलच. धाकटीने पायरीवर चढून तो खेचून आवळला, लहान मुलाची चड्डी आवळावी तसा.

"श्वास तरी घेऊ दे," ते म्हणाले आणि निघाले.

पहिली फेरी त्यांनी अशी मारली, की बघत राहावं. वेग सारखा, ओळ सुतासारखी सरळ. दुसऱ्या टोकाला पोचून त्यांनी हात वर केला. फिटरने टाळ्या वाजवल्या. साहेब धाकटीकडे वळून म्हणाला, "बघितलंस?" तिची नजर वरच्या चाकावर खिळली होती.

दुसरी फेरी निम्मी झाली असेल. खालच्या बाजूचं मागचं चाक गवतात अचानक खचलं, जणू कोणीतरी खालून ओढलं. ट्रॅक्टर कलला. क्षणभर तो तसाच थांबला, वरची दोन्ही चाकं हवेत, आणि मग अगदी सावकाश, मोठं जनावर कूस बदलतं तसा कुशीवर गेला आणि तिथून उताणा. कमान मातीत रुतली. पुढचं लोळणं तिथेच थांबलं.

धाकटी धावत सुटली होती. ती पोचली तेव्हा इंजिन धडधडत होतं, चाकं आभाळाकडे फिरत होती, कटरची पाती मोकळी घरघरत होती आणि डिझेल ठिबकत होतं. तिने हात घालून आधी किल्ली फिरवली. सगळं थांबलं. त्या शांततेत कमानीच्या खालून आवाज आला.

"धाकटे."

"अण्णा, हलू नका."

"हलायला तू जागा कुठे ठेवलीस?"

ते उलटे लटकत होते, कमरेच्या पट्ट्यावर, डोकं जमिनीपासून वीतभर वर. तोंड लालबुंद झालेलं, डावा हात वेडावाकडा. फिटर पट्टा सोडायला पुढे झाला, तशी ती ओरडली, "थांब, मानेवर पडतील." ती स्वतः खाली सरपटली आणि पाठ त्यांच्या खांद्यांखाली घातली. दुसऱ्या बाजूने कोणीतरी चिखलातून सरपटत आलं आणि दोन्ही हातांनी वस्तादांचं डोकं धरलं. तो साहेब होता, पांढऱ्या सदऱ्यासकट. फिटरने पट्टा कापला. तिघांनी मिळून वस्तादांना बाहेर काढलं आणि गवतावर निजवलं.

किल्ली मी दिलीच का, एवढं एकच धाकटीच्या डोक्यात घुमत होतं.

दवाखान्यात एक्स-रे काढायला तिचा नवराच होता. तेच त्याचं काम. बापाला त्या टेबलावर बघून त्याचं तोंड पांढरं पडलं, पण त्याने हात चालू ठेवले. डावं मनगट मोडलं होतं, एक बरगडी चिरली होती, कमरेवर पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता. बाकी माणूस अखंड.

"आणखी काही दिसतंय का?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"नाही आई," तो म्हणाला. "हट्ट एक्स-रेत दिसत नाही."

वस्तादांना घरी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी चहा घेऊन गेली, तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं. सासूबाई खिडकीजवळ भाजी निवडत होत्या.

"तीनदा उचललं होतं चाक," ते म्हणाले.

"कधी?"

"या एकोणतीस वर्षांत. एकदा तर मी डोळेच मिटले होते. परत टेकलं आपोआप. कोणाला बोललो नाही. वस्ताद म्हणतात ना लोक. काय सांगणार?"

सासूबाईंचे हात थांबले. "न जेवता झोपायचात ते दिवस," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, साहेब रागावले असतील."

"साहेब नव्हते रागावले."

"एवढी वर्षं मी त्या साहेबांना शिव्या देत आले," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा भाजीला लागल्या. पण पाच मिनिटांनी त्यांनी उठून नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

त्याच दुपारी फिटर निरोप घेऊन आला. चौकशीला मोठ्या बाई येणार होत्या, खात्याच्या मुख्य इंजिनिअर. आणि साहेबांनी अहवाल लिहिला होता, की चालकाने खात्याबाहेरच्या माणसाच्या हाती ट्रॅक्टर दिला, त्यामुळे अपघात झाला. फिटर म्हणाला, "धाकटे, नोकरी जाईल गं."

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "माझा सदरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

चौकशी बांधावरच झाली. मोठ्या बाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, पायात रबरी बूट. त्या आधी एकट्याच त्या जागेवर जाऊन आल्या. खालचं चाक जिथे खचलं होतं तिथे बादली मावेल एवढं भोक होतं. त्यांनी हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. कुठल्याशा जनावराने बांध आतून पोखरला होता आणि वरून गवताने सगळं झाकून टाकलं होतं. खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"ट्रॅक्टर वस्तादांच्या हाती कोणी दिला?" त्यांनी विचारलं.

धाकटी पुढे झाली. "किल्ली मी दिली."

"थांब," वस्ताद मागून म्हणाले. हात गळ्यात बांधलेला, चाल जपून. "बाई, हिने हात जोडले होते मला, जाऊ नका म्हणून. हे खुंट हिचे. ही कमान मी पाडून ठेवली होती, हिने उभी केली. पट्टा हिने आवळला, मी तर सैल घातला होता. मी आज इथे उभा राहून बोलतोय ते हिच्यामुळे. आणि एकोणतीस वर्षं चालवला म्हणून मला चालवता येतो, असं सगळे म्हणत आले. मला चालवता येत होतं, ते खालच्या भागावर. खांद्यावर मी नुसता वाचत आलो. पहिल्या वर्षीसुद्धा आणि शेवटच्या वर्षीसुद्धा. त्यात हुशारी काही नव्हती."

मग साहेब खाकरला. त्याने बाईंच्या हातातला आपलाच अहवाल मागून घेतला, चौपट घडी केली आणि खिशात ठेवला.

"मी बोलावलं होतं यांना," तो म्हणाला. "हिने हातयंत्र मागितलं होतं, ते मी दिलं नाही. नवा अहवाल लिहून देतो."

मोठ्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तपासणीला सहा दिवस आहेत. आणि अशी आणखी किती बिळं आहेत, ते मला त्याआधी कळलं पाहिजे. कापशील?"

"ट्रॅक्टर न घालता कापीन. एक हलकं यंत्र, जाड दोरखंड आणि पाच माणसं द्या."

"चार म्हणाली होतीस ना?" साहेबाने विचारलं.

"तेव्हा आठ दिवस होते."

बाई पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता यंत्र हजर होतं.

पहिला दिवस गोंधळाचाच गेला. दोरखंड घसरायचा, यंत्र तिरकं पळायचं, माणसांच्या तळहातांना फोड आले. फिटरने माथ्यावरच्या दगडी कठड्याला कप्पी बसवून दिली आणि काम मार्गी लागलं. दोघांनी वरून दोर सोडायचा, यंत्र आपल्या वजनाने गवत कापत खुंटांपर्यंत उतरायचं, मग तिघांनी ओढून घ्यायचं आणि दोन हात बाजूला सरकायचं. सहाव्याने मागून चालत जमीन बघायची, चिखलात रुततील असे खिळ्यांचे बूट घालून, कमरेला वेगळा दोर बांधून. हे काम धाकटीने स्वतःकडे ठेवलं. ट्रॅक्टरवरून जे कधी दिसलं नव्हतं ते आता बोटभर गवतात उघडं पडत होतं. दुसऱ्या दिवशी तिला एक बीळ सापडलं, चौथ्या दिवशी आणखी दोन, आणि एके ठिकाणी हाताएवढी ओलसर माती. बाईंची माणसं मागोमाग येऊन खणत होती, चिकणमाती ठासून भरत होती.

वस्ताद माथ्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी ते नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोर ओढणाऱ्यांना ताल धरून दिला. तिसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की पहिलं बीळ या बांधावर सापडलं ते कोणाला, माहीत आहे का. "डोक्यावर पडून शोधलंय मी ते," ते म्हणायचे, आणि धाकटी खालून म्हणायची, "डोक्यावर पडू दिलं नाही तुम्हाला, विसरू नका."

पाचव्या दिवशी दुपारी शेवटची ओळ उतरली. तपासणीला पुरता एक दिवस बाकी होता. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध एकसारखा हिरवा, लख्ख, कुठे एक काडी उभी नाही. सहा जण माथ्यावरच बसले, एकमेकांचे तळहात बघत. मोठ्या बाई बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, की खात्याचे आणखी चार तलाव आहेत. तिथले खुंट कुठे ठोकायचे, ते ही ठरवेल, आणि तिच्या खुंटाच्या वर कोणत्याही साहेबाने ट्रॅक्टर पाठवायचा नाही. साहेबाने ते लिहून घेतलं. मग वही बंद करून तो धाकटीजवळ आला.

"पुढच्या तलावाला दोर जास्त लांब लागेल," तो म्हणाला. "आजच मागवतो."

"दोन मागवा," ती म्हणाली.

तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. वस्ताद केव्हा कोणास ठाऊक, पायऱ्यांनी पायथ्याशी उतरले होते आणि आता पायऱ्या सोडून सरळ गवतावरूनच वर येत होते. डावा हात गळ्यात, उजवा गुडघ्यावर. लाल खुंटांपर्यंत ते बरे आले. खुंट ओलांडल्यावर त्यांची चाल मंदावली, मग ते वाकले, मग उजव्या हाताने जमीन धरत धरत चढू लागले. धाकटी दोर घेऊन अर्ध्यापर्यंत उतरली, तो त्यांच्या कमरेला बांधला, आणि वरच्यांनी दोघांनाही हळूहळू ओढून घेतलं.

माथ्यावर पोचल्यावर ते मटकन बसले. त्यांना धाप लागली होती. मग त्यांनी मान वळवून खाली पाहिलं, आल्या वाटेकडे, एकोणतीस वर्षं ज्याच्यावरून ते आडवे गेले होते त्या खांद्याकडे.

"चढ आहे की गं हा," ते म्हणाले.

"हो अण्णा," धाकटी म्हणाली आणि त्यांच्यासाठी पाण्याची बाटली उघडली.